निरगाठ

"काका, बाहेर या म्हणते ना! ऐकू येत नाही का सोंग घेताय?"

भिंगरी डोहाच्या काठावरून ओरडत होती आणि तिचा काका कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून तागाच्या पेंढ्या उलटत होता. एक उलटली की खोकायचा. खोकून झालं की दुसरी. पाणी काळं, वर फेस, आणि ऊन असं की काठावरच्या चिखलाच्या खपल्या निघालेल्या. भिजलेल्या तागाच्या वासाबद्दल मी काही सांगत नाही. ज्यांनी ताग सोललाय त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी नाही सोलला त्यांना सांगून कळायचं नाही.

"चारच पेंढ्या राहिल्यात गं," काका म्हणाला.

"चार म्हणता म्हणता सकाळपासून चाळीस झाल्या. डॉक्टर काय म्हणाले? पाण्यात पाय घालायचा नाही. पाय! तुम्ही तर सगळेच बुडालात."

मी आणि भिंगरीची आई सावलीत बसून ताग सोलत होतो. 'बुडालात' ऐकलं आणि तिच्या आईचा हात थांबला. माझाही थांबला. पोरीच्याही लक्षात आलं, तिनं जीभ चावली. त्या डोहावर तो शब्द कुणी काढत नाही. तेवीस वर्षांपूर्वी काकाचा थोरला भाऊ तिथंच बुडाला.

"वहिनी," काका पाण्यातूनच म्हणाला, "हिला घरी न्या हो. कान किटले माझे."

आता ही वहिनी कोण? तर त्याच्याच पोरांची आई. थांबा, गोंधळू नका. हे आधी उलगडून सांगते, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल.

मी आमच्या गावची गाठवाली. लहानथोर सगळे मला आत्याच म्हणतात. आमच्याकडे प्रत्येक घरात एक दोर असतो, घरच्याच तागाचा, आतल्या खोलीत आडवा बांधलेला. घरातल्या प्रत्येक पुरुषाची त्याला एक दोरी लोंबते. मुलगा झाला की बापाच्या दोरीत निरगाठ मारायची, दात लावले तरी न सुटणारी. मुलगी झाली की सुताची सुरगाठ नुसती अडकवायची. लग्नाच्या दिवशी तिनं ओढली की गाठ सुटते आणि सूत तिच्या हातात येतं; ते घेऊन ती सासरी जाते. हे सगळं करायचं माझ्या हातानं. माझ्याआधी माझ्या आईच्या, तिच्याआधी तिच्या आईच्या.

आणि ज्याची दोरी मोकळी राहिली, तो माणूस मेला तरी घर सोडत नाही. हे मला लहानपणापासून शिकवलेलं. म्हणून मग पुरुष बिनलग्नाचा गेला की त्याच्या नावानं बायको आणायची. नवऱ्याच्या जागी त्याचा कोट. कोटाची कॉलर धरून उभं राहायचं त्याच्या पाठच्या भावानं, पाठचा भाऊ नसेल तर पुतण्यानं. पुढचा संसारही त्यानंच करायचा. नांगर त्याचा, घाम त्याचा, अंथरूण त्याचं. पोरं मात्र कोटाची.

थोरला बुडाला तेव्हा त्याचं लग्न ठरलेलं होतं. चार महिने राहिले होते. तागाच्या पेंढ्या दाबायला उतरला, पाय गुंतला. कोट काठावर काढून ठेवलेला, कोरडा ठणठणीत. धाकटा तेव्हा एकवीस वर्षांचा. ठरलेल्या त्याच मुलीशी कोटाचं लग्न लागलं, कॉलर त्यानं धरली. मी शेजारीच होते. त्याचा हात एवढा थरथरत होता की कोट जिवंत वाटत होता.

तेव्हापासून तो आपल्या बायकोला वहिनी म्हणतो आणि पोरं त्याला काका. स्वतःच्या नावानं दुसरी बायको करायची मोकळीक होती त्याला. पण त्याला दुसरी नकोच होती. पहिलीवरच जीव जडला होता, आणि ती भावाची होती. गावात टवाळ कमी नाहीत, त्यांनी त्याचं नाव पाडलं 'कोटाचा भाऊ'. तो त्या हाकेलाही वळून बघायचा, हसून.

त्या घरात तुम्ही कधी जेवायला बसला नाहीत, म्हणून सांगते. चुलीच्या खोलीत खुंटीवर तो कोट. जेवायच्या आधी पोरांनी त्याच्याकडे बघून म्हणायचं, "बाबा, जेवायला चला." मग सगळ्यांनी जरा थांबायचं. लहानपणी भिंगरीनं एकदा विचारलं होतं, "बाबा ओ का देत नाहीत?" आजीनं तिच्या पाठीत धपाटा घातला होता.

खरं तर ओ यायची. मी ऐकलीय. ताग भिजत घातला की त्या कोटाच्या बाह्या ओल्या व्हायच्या. ज्या कोटाला त्या दिवशी पाणी शिवलं नव्हतं, त्याच्या! छप्पर गळत नाही, भिंतीला ओल नाही, बाहेर रखरखीत ऊन. पोरांनी हाक मारली की जरा वेळानं खाली फरशीवर एक थेंब पडायचा. टप्प. तो ऐकला की सगळे जेवायला लागायचे. भीती वाटायची का? वाटायची की. पण रोजची भीती रोजच्या जेवणासारखी होते.

तर त्या दिवशी डोहावरून मी घरी आले, हात धुवून टेकते न टेकते तोच दारात काका. कपडे ओलेच. सोबत तो वास.

"आत्या, बसू का?"

"आधी अंग पूस. मरायला टेकलास तरी अक्कल नाही आली."

"तेच सांगायला आलोय," तो म्हणाला, "टेकलोय."

मी पंचा दिला. त्यानं तो नुसता हातात धरला.

"डॉक्टर म्हणाले, पुढचा ताग काही बघत नाही मी. मला त्याचं काही नाही गं. पण माझी दोरी मोकळी आहे."

तो काय मागणार ते मला कळलं होतं. इतकी वर्षं मी त्याचीच वाट बघत होते, म्हणा.

"पोराचं सुताराच्या मुलीशी ठरलंय," तो म्हणाला. "मी असा मोकळा गेलो तर पोराला माझा कोट धरावा लागेल. ती मुलगी माझ्या नावाची होईल. बायकोला काकू म्हणेल तो, आत्या! आणि त्याची पोरं त्याला काय म्हणतील? दादा! स्वतःच्या लेकराच्या तोंडून दादा ऐकायचं आणि मान खाली घालून जेवायचं. मी जे गिळलं ते त्याला गिळायला लावू?"

"सुतार काय म्हणतो?"

"सुतार म्हणतो, पोरगी देईन तर जिवंत माणसाला देईन. कोटाला द्यायला मी तिला वाढवली नाही. बरोबर आहे त्याचं."

"मग मी काय करू?"

"पोराची गाठ दादाच्या दोरीतून काढ आणि माझ्या दोरीत मार. माझ्यासाठी नाही मागत. आता बाप म्हणवून घ्यायची हौस नाही राहिली. त्याची सुटका होऊ दे."

"निरगाठ सुटत नाही रे. दोरी कापावी लागेल. कापली की थोरला मोकळा. मग तो काय करेल? गाठीनं बांधलाय म्हणून कोटात बसलाय, तेवढाच बरा."

त्यानं पंचा खाली ठेवला. आणि जे बोलायचं नाही असं दोघांनी इतकी वर्षं पाळलं होतं ते बोलला.

"पोरगा झाला त्या दिवशी मी तुझे पाय धरले होते, आत्या. म्हणालो होतो, हा माझ्या दोरीत मार. तू म्हणालीस, पुढच्या वेळी बघू."

म्हणाले होते. खोटं बोलले होते. पुढच्या वेळी मुलगी झाली. तिची सुरगाठ, सुटूनच जायची. त्यानं मागितली नाही आणि मीही विषय काढला नाही. मी तेव्हा तरुण होते, गावाला भीत होते आणि थोरल्याला त्याहून जास्त. त्या पापाचं ओझं आजही उतरलेलं नाही.

तो गेल्यावर बसल्या जागी ओल राहिली. मी दोनदा पुसली.

दुसऱ्या दिवशी भिंगरी आली. ही पोरगी चालत येत नाही, येऊन आदळते.

"आत्या, काका काल इथं आले होते ना? मी सगळं काढून घेतलं त्यांच्याकडून. मला सांग, मी सुरगाठ आहे ना?"

"आहेस."

"म्हणजे कापाकापी न करता निघते?"

"निघते."

"मग मला काढ आणि काकांच्या दोरीवर घाल. बाबांच्या दोरीवर माझा दादा राहतोच की. झालं!"

मला हसू आलं आणि रडूही. "अगं वेडे, पुढच्या महिन्यात तुझं लग्न. मेंढपाळाच्या घरी जाताना तू गाठ ओढणार, सूत घेऊन जाणार. दोरी परत मोकळी. काका आहे तिथंच."

ती खाली बसली. हे तिच्या बाबतीत नवलच. पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होती.

"मग सुरगाठ मारू नकोस," ती म्हणाली. "निरगाठ मार."

"मुलीची?"

"हो."

"मुलीची निरगाठ कुणी मारली नाही आजवर."

"मनाई आहे का?"

आईनं शिकवलेलं सगळं आठवून बघितलं. किती पीळ, किती वेढे, कुठल्या हातानं धरायचं, मेलेल्याची गाठ कशी ओढायची. मनाई कुठंच नव्हती. कुणी विचारलंच नव्हतं.

"अगं, पण मग तुझी गाठ सुटणार नाही," मी म्हणाले. "सासरी काय नेशील? ते लोक तुला घेतील का?"

"ते माझं मी बघेन."

"काय बघशील, कप्पाळ! तो पोरगा आवडतो ना तुला?"

"आवडतो," ती म्हणाली, आणि इतकं सरळ म्हणाली की मलाच खाली बघावं लागलं. "पण काकांनी मला खांद्यावर घेऊन डोह ओलांडलाय, आत्या. दरवर्षी. स्वतःचा भाऊ जिथं गेला तिथून. बाबांनी काय केलंय? टपटप."

"हळू बोल," मी म्हणाले. उगाचच दाराकडे बघितलं.

चार दिवसांनी भर दुपारी मी त्यांच्या घरी गेले. काकाला खाटेवर चुलीच्या खोलीतच झोपवलं होतं, उबेला. समोरच खुंटीवर कोट. आतल्या खोलीतला दोर सोडून आणला होता आणि पोरगा तो दोन्ही हातांवर घेऊन उभा होता. पोरगा अबोल, विचारलं तेवढंच सांगणारा. पण त्या दिवशी तोच आधी बोलला.

"आत्या, ताईला कशाला त्रास? मी धरतो काकांचा कोट. मला चालेल."

लहान बहीण, पण तो तिला लाडानं ताई म्हणतो. खाटेवरचा माणूस, ज्याला कूस बदलायला दोघं लागत होती, तो कोपरावर उठला.

"तुला चालेल!" काका ओरडला. "मलाही चाललं होतं!"

मग खोकला. बराच वेळ नुसता खोकलाच. त्याची बायको, वहिनी, पाठ चोळत राहिली. खोकला थांबल्यावर मी तिला विचारलं, रीतच आहे, आईला विचारावं लागतं, "बाई, तुझं काय म्हणणं?"

तिनं पाठीवरचा हात काढला नाही. "माझा नवरा कोण, हे तेवीस वर्षांत मला कुणी विचारलं नाही, आत्या. विचारलं असतं तर सांगितलं असतं. बांधा तुम्ही."

काकानं डोळे मिटून घेतले.

मग राहिलं कोटाला विचारणं. ज्याच्या दोरीवरून गाठ काढायची, त्याला विचारावंच लागतं. मी कोटासमोर गेले. वास आला, डोहाचा. बाह्यांची टोकं काळी पडलेली, ओलीनं.

"थोरल्या," मी म्हणाले, "तुझा मुलगा तुझाच राहील. तुला कुणी मोकळं करत नाही. पण मुलगी दे. तुझ्या भावानं तुझं सगळं केलं, त्याचं असं काही राहिलं नाही. एक दे."

आम्ही थांबलो. बाहेर सोललेल्या तागाच्या काड्या उन्हात तडतडत होत्या. मग फरशीवर टप्प झालं.

हो म्हणाला का नाही म्हणाला? मला काय कळणार! मी हो धरलं, कारण मला तेच धरायचं होतं.

भिंगरीच्या सुताला हात घातला. सुरगाठ ती, बोटानं ओढली की निघावी. निघेना. एकोणीस वर्षांची सुकलेली गाठ, आणि आता ओली झालेली, फुगलेली. पलीकडून कुणीतरी धरून ठेवल्यासारखी. मी ओढलं, नख मोडलं. पोराच्या हातावर दोर थरथरत होता. भिंगरी पुढं आली, तिनं माझ्या हातावर हात ठेवला आणि कोटाकडे बघून म्हणाली, "सोडा ना. लग्नात सोडणारच होतात." आणि सूत सरकलं. एकदम सरकलं, मी मागं पडता पडता वाचले.

मग काकाची दोरी घेतली. इतकी वर्षं नुसती लोंबणारी, धुरानं काळी झालेली. तिच्यात ते सूत घालून तीन वेढे दिले आणि दातात धरून आवळलं. निरगाठ. मुलीची. माझ्या आईनं बघितली असती तर तिनं माझा हात मोडला असता. पण हात माझे होते आणि मला आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा अभिमान वाटला.

गावात बातमी जायला काय लागतं? सुतारानं निरोप धाडला, लग्न ठरल्या दिवशी, जिवंत माणसाशी. पोरगा परसात जाऊन एकटाच रडून आला. आणि तिसऱ्या दिवशी मेंढपाळाची बायको आली, उंबऱ्यावरच उभी राहिली.

"गाठ सुटत नाही तर मुलगी आमच्याकडे आली असं आम्ही कसं म्हणायचं? आमच्या दोरात काय बांधायचं? मुलगी चांगली आहे हो, पण उद्या माझ्या नातवंडांची गाठ कुणाच्या दोरीत जाईल?"

ती पाणीही न पिता गेली. मी पोराला सोडवलं आणि पोरीला बांधलं, हे मला तेव्हा कळलं. भिंगरी चुलीशी बसून शेंगा सोलत होती. मी जवळ गेले तर म्हणाली, "तोंड नको पाडूस, आत्या. सुटून जाणाऱ्यात मोजली जाण्यापेक्षा हे बरंय." पण तिनं सोललेले दाणे आणि टरफलं एकाच टोपलीत टाकली होती.

तो मेंढपाळाचा पोरगा मात्र डोहावर दिसतो. ताग धुवायला येतो म्हणे. त्यांच्या शेतात तागाची काडी नाही. बघू.

काकाचं तर आता काही खरं नव्हतं. दोन दिवस तो डोळेच उघडत नव्हता. तिसऱ्या दिवशी दुपारी उघडले. आम्ही चौघं तिथंच होतो. ताटं वाढलेली, पण कुणी घास घेतला नव्हता. भिंगरी खाटेच्या कडेला बसली, त्याचा हात हातात घेतला आणि म्हणाली,

"बाबा."

त्यानं ऐकलं. आणि मान वळवली. तिच्याकडे नाही, खुंटीकडे! त्या घरात त्या शब्दाचा मालक ठरलेला होता ना. पोरं बोलायला लागल्यापासून त्या हाकेला वळायचं नाही असं त्यानं मानेला शिकवून ठेवलं होतं.

"दादा," तो कोटाला म्हणाला, एवढ्याशा आवाजात, "तुला हाक मारतेय पोरगी."

आम्ही सगळे थांबलो. नेहमीसारखेच थांबलो, टप्प ऐकायला. ताग अजून डोहात होता. बाह्या ओल्या होत्या, मला समोर दिसत होत्या. बाहीच्या टोकाला थेंब लोंबत होता, फुगत होता. काकाही त्याच्याकडेच बघत होता, वाट बघत.

थेंब पडला नाही.

किती वेळ गेला कोण जाणे. माझ्या आईची शपथ, थोरला गप्प राहिला. ज्यानं इतकी वर्षं एकही हाक चुकवली नव्हती, तो.

भिंगरीनं काकाची हनुवटी धरली, लहान पोराची धरतात तशी, आणि त्याचं तोंड आपल्याकडे वळवलं.

"त्यांना नाही," ती म्हणाली. "तुम्हाला. बाबा."

त्यानं आधी वहिनीकडे बघितलं, मग माझ्याकडे, परवानगी मागितल्यासारखं. मग त्यानं पोरीकडे बघितलं, ओठ दोनदा नुसतेच हलले, आणि तो म्हणाला,

"ओ."